घरी कोणी येत नाही

खोकला म्हणजे ॲलर्जी! अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या आपल्या मराठी मंडळींचं हे ठरलेलं निदान आहे. वसंतात गवताचे परागकण उडायला लागले, की जो तो शिंकतो, खोकतो आणि फार्मसीतून तीच ती गोळी आणून घेतो. भारतातून आलेल्या आई-वडिलांना खोकला झाला तर बघायलाच नको. "इथली हवा सूट होत नाहीये त्यांना," असं म्हटलं की विषय संपला. मग हळद-दूध द्या, वाफ द्या, आणि शनिवारच्या पॉटलक जेवणाला त्यांना बरोबर घेऊन जा!

सुमंतच्या घरीही हेच झालं. सुमंत एका विमा कंपनीत आयटी मॅनेजर होता आणि यंदा मराठी मंडळाचा अध्यक्षही. त्याचे वडील नाना वर्ध्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आई गेल्यानंतर सुमंतने त्यांना पहिल्यांदाच इकडे आणलं होतं. आल्यापासूनच नाना खोकत होते. जेवणही कमी झालं होतं.

"सुमंत, नानांचे शर्ट बघ रे कसे लोंबायला लागलेत," चारुता, त्याची बायको, दोनदा म्हणाली.

"ॲलर्जी आहे गं. ऑफिसमध्ये अर्धी टीम खोकतेय."

आता आपल्या लोकांची एक पद्धत सांगायला हवी. तशी ती फार गोड पद्धत आहे. कोणाचे आई-वडील भारतातून आले, की ते त्या एका घराचे राहत नाहीत. आजूबाजूच्या सगळ्या घरांचे होतात. एकीला लोणच्याचा मसाला विचारायचा असतो, दुसरीला मुलांना शुभंकरोति शिकवायचं असतं, आणि ज्यांच्याकडे तान्हं बाळ असतं ते लोक तर त्यांची वाटच बघत असतात.

समोरच्या घरातल्या प्रीताकडे अनिका होती, आठ महिन्यांची. प्रीताची रजा संपली होती, डेकेअरमध्ये नंबर लागत नव्हता, तिच्या आई-बाबांना व्हिसा मिळाला नव्हता आणि नवरा देवांग कामानिमित्त सारखा बाहेरगावी. चारुता घरूनच काम करायची. ती म्हणाली, "अगं, नाना दिवसभर कंटाळतात. ठेवून जा तिला आमच्याकडे."

तेव्हापासून अनिका सकाळी नानांच्या मांडीवर यायची ती संध्याकाळीच उतरायची. आठवड्यातून एकदा नाना मंडळाच्या बालवर्गात शुभंकरोति शिकवायला जायचे, पण रोजची सोबत हिचीच; तिला ते छकुली म्हणायचे. बडबडगीतं म्हणत म्हणत तिच्या गालाला गाल लावायचे. त्यांचा एक खेळ होता. ते गुपचूप तिच्या पाठीमागे जायचे आणि टाळी वाजवायचे. छकुली गर्रकन मान वळवायची आणि नाना दिसले की अख्ख्या अंगाने हसायची. मग पुन्हा टाळी, पुन्हा हसू. खोकल्याची उबळ आली, की नाना तोंडावर पंचा धरायचे आणि ती ओसरली की खेळ पुढे चालू.

एका सकाळी त्या पंच्यावर रक्त दिसलं.

हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं: फुप्फुसाचा टीबी, आणि तोही पसरणारा.

"टीबी?" सुमंत पार्किंग लॉटमध्ये चारुतावर जवळजवळ ओरडलाच. "आपल्या घरात? कसं शक्य आहे यार! आपण काय झोपडपट्टीत राहतो?"

जणू काही जंतू दारावरची पाटी वाचून, घराची ऐपत बघून आत शिरतो! पण शिकलेल्या माणसाचाही या एका शब्दापाशी विवेक सुटतो. कॅन्सर म्हटलं तर लोक भेटायला येतात, बायपास म्हटलं तर फळं आणतात. टीबी म्हटलं की आवाज खाली जातो.

दुसऱ्या दिवशी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य मंडळाची नर्स घरी आली; आपले लोक त्या मंडळाला नुसतं बोर्ड म्हणतात. पन्नाशीची बाई, तोंडाला मास्क. नाना बेडरूममध्ये खिडकीशी बसले होते, तेही मास्क लावून. नर्सने औषधं समजावून सांगितली. रोज गोळ्या घेताना कोणीतरी समोर बघायला असेल, काही आठवडे घराबाहेर पडायचं नाही, पण पुरते बरे व्हाल, असं ती म्हणाली. मग तिने फोन काढला.

"तुमच्या वडिलांशी मराठीत बोलायला मी फोनवर दुभाषी बोलावते."

"नो, नो, नो नीड," सुमंत घाईघाईने म्हणाला. "मी आहे ना. मी ट्रान्सलेट करतो."

"नियमाप्रमाणे बाहेरचा दुभाषी बरा."

"माय फादर इज शाय. परक्या माणसासमोर ते बोलत नाहीत."

नर्सने क्षणभर विचार केला आणि फोन खाली ठेवला. मग तिने नानांकडे बघून सावकाश विचारलं, "गेल्या काही महिन्यांत तुमच्याबरोबर बंद खोलीत बराच वेळ कोण कोण होतं? लहान मुलांबद्दल आधी सांगा. तुमचं नाव आम्ही कोणालाही सांगणार नाही. आम्ही फक्त त्यांची तपासणी करू."

सुमंतने प्रश्न मराठीत सांगितला. मास्तर माणूस, नानांना लगेच समजलं. ते पुढे झुकले आणि हात हलवत म्हणाले, "अरे, छकुली! दिवसभर माझ्या मांडीवरच असते ती. तिला आधी तपासा म्हणावं. सांग बाईंना. माझं राहू दे, पोरीचं आधी बघा."

नर्सने सुमंतकडे बघितलं.

सुमंतच्या डोक्यात त्या क्षणी काय काय येऊन गेलं! गणपती दोन महिन्यांवर आले होते आणि मंडळाचा अध्यक्ष तो. प्रीताला कळलं की सगळ्या डब्लिनला कळणार. ग्रीन कार्डची फाइल अडकलेली. नाना व्हिजिटर व्हिसावर आलेले, आणि दुसऱ्याचं मूल सांभाळणं म्हणजे काम केलं असं कोणी म्हणालं तर? शिवाय, आपल्याला सगळ्यांना लहानपणी बीसीजीची लस दिलेलीच असते. कोणाला काय होतंय!

"माय फादर सेज," सुमंत म्हणाला, "घरी कोणी येत नाही. आम्ही तिघं आणि ते. बस."

दारात उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या उर्वीने वर बघितलं. "बाबा, बट..."

"उर्वी, गो टु युअर रूम!"

चारुता भिंतीला टेकून उभी होती. ती मूग गिळून गप्प राहिली. वाचकहो, खोटं बोललं एकानेच, पण त्या खोलीत ते टिकलं ते दोघांमुळे.

नाना मात्र निश्चिंत झाले. "सांगितलंस ना रे?" त्यांनी नर्स गेल्यावर विचारलं.

"हो नाना. सगळं सांगितलं. बोर्डवाले बघतील. पण पेशंटनी त्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही, असा इथला रूल आहे."

शेजारीपाजारी 'न्यूमोनिया' सांगितला. प्रीताने अनिकासाठी सुट्टी घेतली, मग कुठली तरी बेबीसिटर शोधली आणि तरीही नानांसाठी मुगाचं सूप करून दारात ठेवून गेली. घरातल्या तिघांची रक्त तपासणी झाली. सुमंतची पॉझिटिव्ह आली. आजार नव्हता, पण जंतू अंगात शिरले होते. नर्सने पुढे आजार होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. "आपल्या लोकांची पॉझिटिव्हच येते, बीसीजीमुळे," असं म्हणून त्याने त्या ड्रॉवरमध्ये टाकल्या.

नाना औषधांनी सुधारत गेले. गणपतीची तालीम सुरू झाली. सगळं निभावलं असं सुमंतला वाटायला लागलं, आणि त्याच सुमारास अनिकाला ताप आला.

आधी डॉक्टर म्हणाले व्हायरल. मग म्हणाले कान. ताप उतरेना. पोर दूध ओकायला लागली, दिवसभर झोपून राहायला लागली. हाक मारली तर डोळे किलकिले करायची आणि पुन्हा मिटायची. शेवटी तिला मुलांच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं.

तिथून प्रीताने चारुताला फोन केला. सुमंत समोरच बसला होता. फोन स्पीकरवर होता.

"चारुता, पाठीतून पाणी काढलंय गं तिच्या," प्रीता रडत होती. "इथल्या डॉक्टरांना काही कळतच नाहीये. आज तर एक डॉक्टर विचारत होता, हिचा टीबीच्या पेशंटशी कॉन्टॅक्ट आलाय का. मी म्हटलं, टीबी? इथे? आमच्या ओळखीत तसलं कोणीच नाही! बरोबर ना?"

चारुताने सुमंतकडे बघितलं. सुमंतने मान हलवली. नाही. सांगू नकोस.

"...हं," चारुता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढच्याच मिनिटाला तिने सरळ नीलांबरीकाकूंना फोन लावला. सुमंत हात धरायला आला, तर तिने तो झटकला. "दूर हो! मी आई आहे रे. मला हे नाही जमणार."

नीलांबरीकाकू म्हणजे मंडळाच्या सगळ्यात जुन्या सभासदांपैकी एक. नागपुरात एमडी करून तरुणपणीच इकडे आलेल्या, जन्मभर छातीच्या रोगांच्या डॉक्टर आणि आता निवृत्तीनंतर काउंटीच्या आरोग्य मंडळाच्या सदस्य. गुडघे दुखत असले तरी त्या स्वतः गाडी चालवत आल्या. चारुताने दारातच त्यांना सगळं सांगितलं. काकू सोफ्यावर बसल्या नाहीत. काठीवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

"काकू, तुम्ही बोर्डावर आहात," सुमंत म्हणाला. "तुम्हाला आधीच माहीत असेल."

"मला काहीही माहीत नव्हतं! पेशंटची नावं बोर्डाच्या मेंबरला सांगत नाहीत. ज्या गुप्ततेवर तुझा विश्वास नव्हता ना, ती इतकी कडक आहे. आणि व्हिसा? आमची नर्स कोणाचा व्हिसा विचारत नाही रे. ती फक्त खोकला विचारते."

"पण काकू, बीसीजी..."

"बाही वर कर."

"काय?"

"बाही वर कर तुझी!"

त्याने टी-शर्टची बाही वर केली. दंडावर तो गोल व्रण होता, आपल्या सगळ्यांच्या दंडावर असतो तसा.

"हा तुझ्या दंडावर आहे. माझ्याही आहे. अनिकाच्या दंडावर आहे का? इथे जन्मलेल्या पोरांना बीसीजी देत नाहीत, सुमंत. तान्ह्या बाळाच्या मेंदूत टीबी जाऊ नये, म्हणूनच आपल्याकडे ती जन्मल्याबरोबर देतात. जिच्याजवळ हे कवच नाही, नेमकं तिलाच तू लपवलंस. आणि ही रक्ताची टेस्ट बीसीजीने पॉझिटिव्ह येत नाही, हेही नर्सने तुला सांगितलं असणार. तू ऐकलं नाहीस."

सुमंत खाली बघत राहिला. "काकू, तुम्हाला आपले लोक माहीत आहेत. उद्या उर्वीला कोणी घरी बोलावणार नाही. नानांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तुम्ही अमेरिकन लोकांसारखं..."

"अमेरिकन लोकांसारखं!" काकूंचा आवाज चढला. "ऐक. मी इथे आले तेव्हा आमच्या दवाखान्यात एक म्हातारी नर्स होती. ती एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला याच बोर्डाचं काम करायची. तेव्हा एक्स-रेची गाडी चर्चसमोर उभी राहायची आणि लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. ही घरोघर फिरायची. एका घरात तिला सांगितलं, आजोबा शेतावर गेलेत. आजोबा माळ्यावर होते, तोंडात रुमाल कोंबून खोकला दाबत! दोन नातवंडं होती त्या घरात. एक गेलं. पुढे कितीतरी वर्षांनीही ती बाई हे विसरली नव्हती. ते काही वर्ध्याचे लोक नव्हते, सुमंत. इथलेच, गोरे, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी. लाज सगळीकडे सारखीच असते. फरक पडला तो लोक बोलायला लागले तेव्हा! तेव्हाही बोर्डाकडे पोलीस नव्हते आणि आजही नाहीत. एक बाई दारात येऊन विचारते, कोण कोण होतं जवळ? तिला खरं सांगितलं तरच ते बोर्ड. नाहीतर नुसती ऑफिसावरची पाटी!"

आवाज ऐकून नाना बाहेर आले होते. आता त्यांना मास्कची गरज उरली नव्हती. "नमस्कार डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "कोणाबद्दल चाललंय?"

काकू त्यांच्याकडे वळल्या. "नाना, अनिका हॉस्पिटलमध्ये आहे. फार आजारी आहे."

"छकुली?" नानांनी खुर्चीची पाठ धरली. "काय झालं छकुलीला? तिला तर औषध चालू असेल ना? बोर्डाच्या बाईंनी तपासलं असेल की."

काकूंनी सुमंतकडे बघितलं.

"मी सांगितलं होतं की," नाना म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगितलं. माझं राहू दे, पोरीचं आधी बघा, असं सांगितलं मी. सुमंतने त्यांना इंग्रजीत सांगितलं. सांगितलंस ना रे सुमंत?"

सुमंतने नजर चुकवली.

"सुमंत! मी सांगितलं होतं ना रे?"

"नाना..."

"तू काय सांगितलंस त्या बाईंना?"

"घरी कोणी येत नाही, असं सांगितलं."

नाना खाली बसले. त्यांनी मुलाला मारलं असतं तरी बरं झालं असतं, ओरडले असते तरी चाललं असतं. ते स्वतःचे हात बघत बसले. याच हातांनी त्यांनी तिला जोजवलं होतं. "माझ्या तोंडातला शब्द तू गिळलास," ते शेवटी म्हणाले. "अरे, पोरं शिकवली मी आयुष्यभर. एका पोरीचा जीव माझ्या खोकल्याने जावा? आणि मी तिकडे सुखाने गोळ्या खात बसलो!" आणि ते म्हातारं माणूस ओक्साबोक्शी रडायला लागलं.

अरेरे! कोणाची लाज आणि कोणाचा जीव! नाक वाचवायला निघालेल्या माणसाने बापाला जिवंतपणी मारलं होतं. सुमंतला ते त्या क्षणी समजलं. समजलं म्हणजे अंगावर आलं. गणपती, मंडळ, ग्रीन कार्ड, सगळं त्याला कवडीमोल वाटलं. त्याने फोन उचलला आणि नर्सचा नंबर लावला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "एक बाळ होतं. रोज होतं. आत्ता हॉस्पिटलमध्ये आहे."

नर्सने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही. हॉस्पिटलचं नाव विचारलं आणि फोन ठेवला. त्याच दुपारी अनिकाला मेंदूच्या टीबीची औषधं सुरू झाली.

सुमंत हॉस्पिटलमध्ये गेला. प्रीता कॉरिडॉरमध्ये बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"मी सूप करून ठेवत होते तुमच्या दारात," ती म्हणाली. "रोज विचारत होते, नाना कसे आहेत. तू हसून सांगायचास, मच बेटर."

"प्रीता, मला माफ..."

"नको. माफी मागू नकोस मला. माझ्याकडे नाहीये ती आता." तिने डोळे पुसले. "आणखी कोण होतं? उर्वीच्या मैत्रिणी, मंडळाच्या बालवर्गातली मुलं, ज्यांना नाना शुभंकरोति शिकवायचे? सांग त्यांना. सगळ्यांसमोर सांग. तेवढं कर आणि परत माझ्यासमोर येऊ नकोस."

त्याने ते केलं. आधी त्याने नानांना विचारलं. "सांग," नाना म्हणाले. "माझं नाव घेऊन सांग. या वेळी बरोबर सांग." गणपतीच्या दिवशी आरतीनंतर, प्रसादाच्या आधी, अध्यक्षांचं भाषण असतं. सुमंत माइकसमोर उभा राहिला आणि त्याने स्वतःची लाज सगळ्या हॉलसमोर ठेवली. काही जणांनी मुलांना मागे ओढलं. एक जण मोठ्याने म्हणाला, "असल्या माणसाला अध्यक्ष केलंच कसं?" त्याचं बरोबरच होतं. पुढच्या रविवारी त्याच हॉलमध्ये आरोग्य मंडळाच्या नर्सेस टेबलं मांडून बसल्या. काकू काठी घेऊन दारात उभ्या होत्या, येणाऱ्याला आत ढकलायला. सुरुवातीला कोणी येईना. मग एका घरातल्या आजी आल्या. म्हणाल्या, "माझा पण खोकला जात नाहीये गं. ॲलर्जी म्हणतायत." त्यांच्यामागे रांग लागली. नानांच्या बालवर्गातल्या दोन मुलांच्या अंगात जंतू सापडले. वेळेवर औषध मिळाल्यामुळे त्यांना काही झालं नाही. ती दोन्ही पोरं आज सायकली पिटाळतायत.

अनिका वाचली. डोक्यात साठलेलं पाणी काढायला नळी बसवावी लागली, पण वाचली.

नानांचं तिकीट हिवाळ्यातलं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी दाराची बेल वाजली. बाहेर प्रीता होती, कडेवर अनिका. सुमंतने दार उघडलं, तर तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. "नानांना भेटायला आलेय," ती चारुताला म्हणाली. "त्यांनी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. म्हणून."

तिने अनिकाला गालिच्यावर बसवलं. नाना जवळ यायला धजेनात. मग हळूच उठले, नेहमीसारखे तिच्या पाठीमागे गेले आणि त्यांनी टाळी वाजवली.

अनिका समोरच्या खेळण्याकडेच बघत राहिली.

नानांनी पुन्हा वाजवली, जोरात. तिने मान वळवली नाही.

"तिला ऐकू येत नाही, नाना," प्रीता म्हणाली. "आता येणारही नाही, म्हणतात डॉक्टर. औषध आधी सुरू झालं असतं तर..."

नाना गुडघ्यांवर रांगत तिच्यासमोर आले. अनिकाने त्यांचा चेहरा बघितला, ओळखला आणि अख्ख्या अंगाने हसली. सुमंत स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

बंधुभगिनींनो, रोग होणं हा कोणाचाही गुन्हा नाही. नानांनी कोणाचं काही वाईट केलं नव्हतं. त्यांना खोकला होता आणि त्यांनी विचारताक्षणी खरं सांगितलं. गुन्हा केला तो त्यांच्या हुशार, शिकलेल्या मुलाने. आपल्या दारावरही उद्या कोणी आरोग्य मंडळाची बाई उभी राहील आणि विचारेल, जवळ कोण कोण होतं? तेव्हा नाकाची काळजी करू नका. नावं सांगा, सगळी सांगा, आणि लहान मुलांची आधी सांगा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलू द्या, त्याचा शब्द मध्येच अडवू नका. अनिका आता दोन वर्षांची होईल. ती हातांच्या खुणांनी बोलायला शिकते आहे, आणि वर्ध्याला नानाही व्हिडिओ बघून त्या खुणा शिकतायत.